एसडीआर रिसीव्हर घरच्याच नेटवर्कवर आहेत, पण दुसऱ्या उपकरणांवरून उघडत नाहीत

लघुलहर_४१

घरात दोन एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ रिसीव्हर आहेत. पहिला किवीएसडीआर, जो ब्राउझरमधून ऐकतात. तो आतल्या खोलीतल्या दुसऱ्या राउटरला केबलने जोडला आहे आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.५० आहे. त्याच राउटरच्या वायफायवरच्या लॅपटॉपवर पोर्ट ८०७३ टाकला की पान लगेच उघडतं. मोबाइल मात्र बाहेरच्या, म्हणजे मुख्य राउटरच्या वायफायवर असतो (पत्ता १९२.१६८.०.१२). तिथून हेच पान अर्धा मिनिट फिरत राहतं आणि मग 'वेळ संपली' असा संदेश येतो. पिंगलाही (यंत्र पोहोचतंय का याची चाचणी) उत्तर नाही.

दुसरा रिसीव्हर म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावलेली आरटीएल-एसडीआर ही यूएसबी डोंगल. पाय मुख्य राउटरला जोडला आहे, पत्ता १९२.१६८.०.३१, त्यावर आरटीएल_टीसीपी (डोंगलचे नमुने नेटवर्कवर पाठवणारा प्रोग्राम) चालू आहे. त्याला मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवरून पिंग होतं. पण एसडीआर++ या ऐकायच्या प्रोग्राममध्ये पोर्ट १२३४ दिला की क्षणात 'जोडणी नाकारली' येतं. दोन्हीकडे फायरवॉल आडवी येतेय का? कुठून सुरुवात करू?

तारयंत्री

फायरवॉलकडे वळण्याआधी तुमचे दोन संदेश वेगवेगळे वाचा, कारण हे दोन निराळे बिघाड आहेत. 'वेळ संपली' म्हणजे पॅकेट गेलं आणि कुणीच काही बोललं नाही: वाट नाही, किंवा वाटेत ते गुपचूप टाकून दिलं गेलं. 'नाकारली' म्हणजे पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचलं आणि तिथून 'या पोर्टवर कोणी ऐकत नाही' असं उत्तर परत आलं. काही फायरवॉलही असा नकार पाठवतात, पण पायवर तुम्ही स्वतः फायरवॉल बसवली नसेल तर ती शंका सोडून द्या. तिथे नेटवर्क ठीक आहे, दोष प्रोग्रामच्या बाजूला आहे.

किवीचं कारण तुमच्या पत्त्यांतच दिसतं. मोबाइल १९२.१६८.०.x वर आणि किवी १९२.१६८.१.x वर, म्हणजे दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतोय. त्याच्या मागची उपकरणं नॅटमधून (राउटर पत्ता बदलून पॅकेट पुढे पाठवतो, त्यातून) वर जाऊ शकतात, म्हणून लॅपटॉपवरून पाय पिंग होतो. वरून खाली येणारी जोडणी मात्र तो आत घेत नाही. किवीमध्ये काहीही बदललंत तरी हे सुटणार नाही.

दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न चालवता मुख्य राउटरचंच पुढे नेईल. त्याच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असेल तर तो निवडा आणि केबल कुठे लावायची ते तो सांगेल तसं करा. पर्याय नसेल तर हाताने करावं लागतं, आणि इथे क्रम चुकला की राउटर हाती लागत नाही:

१. सर्वांत आधी किवीच्या ॲडमिन पानावर नेटवर्क टॅबमध्ये पाहा. पत्ता स्थिर दिलेला असेल तर तो डीएचसीपीवर (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्यावर) टाका, सेव्ह करून किवी रीस्टार्ट करा. हे राहून गेलं तर तो १९२.१६८.१.५० वरच अडकून राहील आणि नव्या नेटवर्कवर कुणालाच दिसणार नाही.

२. दुसऱ्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टमधली केबल काढून ठेवा. ती लागलेली असताना लॅनचा (आतल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.०.x मध्ये टाकला, तर दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) येतं आणि बरेच राउटर तो स्वीकारत नाहीत.

३. लॅपटॉप केबलने त्या राउटरला जोडा. लॅनचा पत्ता १९२.१६८.०.२ करा. मुख्य राउटरच्या डीएचसीपीची वाटप-मर्यादा आधी तपासा, हा पत्ता तिच्याबाहेरचा हवा. नव्या पत्त्यावरून पुन्हा लॉगिन करा आणि मग डीएचसीपी बंद करा.

४. काढलेली केबल आता वॅनमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये लावा. दोन राउटरांमध्ये एकच केबल ठेवा. चुकून दोन लागल्या तर लूप होऊन सगळं नेटवर्क बसतं.

५. किवीची वीज बंद करून पुन्हा चालू करा. मुख्य राउटरच्या यादीत तो दिसला की त्याच्या मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्यावर १९२.१६८.०.५० राखून ठेवा.

हे सगळं नको असेल तर दुसऱ्या राउटरवर पोर्ट ८०७३ किवीकडे वळवून त्या राउटरच्या वॅन पत्त्यावरून पान उघडता येतं. पण 'डॉट लोकल' नावं (आकड्यांऐवजी किवीएसडीआर.लोकल असं लिहायची) चालणार नाहीत आणि पुढचा प्रत्येक रिसीव्हर हाच त्रास देईल. मी हा मार्ग सुचवणार नाही.

पाणीपट_निळा

पायबद्दल. आरटीएल_टीसीपीला पत्ता दिला नाही तर तो फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, म्हणजे स्वतःच्याच यंत्राचं ऐकतो. पायवर 'एसएस -टीएलएन' ही आज्ञा चालवा (लहान रोमन अक्षरांत). १२३४ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं की निदान पक्कं. प्रोग्राम '-ए ०.०.०.०' हा पर्याय देऊन पुन्हा सुरू करा. तिथे १९२.१६८.०.३१ लिहिलंत तरी आज चालेल, पण उद्या डीएचसीपीने पत्ता बदलला, किंवा बूट होताना नेटवर्क वर येण्याआधी सेवा सुरू झाली, तर जोडणी होणार नाही.

सुरू होतानाच 'यूएसबी क्लेम इंटरफेस एरर -६' आला तर डोंगल आधीच कुणीतरी धरून ठेवली आहे. दुसरा एसडीआर प्रोग्राम चालू नसेल तर तो बहुधा कर्नलचा टीव्ही ड्रायव्हर असतो. डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू हे मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये (लोड न करायच्या यादीत) टाका आणि पाय रीबूट करा.

जोडणी झाल्यावर आवाज तुटायला लागला तर हा हिशेब करा. एका नमुन्याला २ बाइट लागतात, म्हणून २.४ दशलक्ष नमुने प्रति सेकंद ठेवले तर ४.८ मेगाबाइट, म्हणजे ३८.४ मेगाबिट प्रति सेकंद अखंड वाहतात. २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजलेल्या वायफायवर हे टिकत नाही. पायच्या खिडकीत 'एलएल+' ने सुरू होणाऱ्या ओळींचा आकडा चढत गेला, तर नेटवर्क मागे पडतंय आणि रांग साचतेय असं समजा. नमुना-दर १.०२४ वर आणलात तर १६.४ मेगाबिट, ०.२५ वर ४ मेगाबिट. अधला ०.५ मागू नका, ०.३ ते ०.९ दशलक्ष हा पट्टा या चिपला चालत नाही.

आणि आरटीएल_टीसीपी एका वेळी एकालाच सेवा देतो. लॅपटॉप जोडलेला असताना मोबाइल लटकला तर तो बिघाड नाही. दोघांना एकदम ऐकायचं असेल तर पायवर ओपनवेबआरएक्स चालवा. त्याचाही पोर्ट ८०७३ च आहे, पण यंत्रं वेगळी असल्याने किवीशी टक्कर होत नाही.

लघुलहर_४१

दोन्ही चालू झाले, आभार! पाय ०.०.०.० वर आणला, राउटर ॲक्सेस पॉइंट झाला. आता दोनच अडचणी. लॅपटॉपवर किवीएसडीआर.लोकल उघडतं, मोबाइलवर नाही, आकड्यांचा पत्ता दिला की मात्र मोबाइलवरही उघडतं. दुसरं, घराबाहेरून किवी ऐकायचा आहे. मुख्य राउटरवर पोर्ट ८०७३ वळवला, घरातून सार्वजनिक पत्ता टाकून पाहिला, पान उघडत नाही.

तारयंत्री

'डॉट लोकल' नावं एमडीएनएसने चालतात, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम नाव विचारलं जातं: २२४.०.०.२५१ वर मल्टिकास्ट, यूडीपी पोर्ट ५३५३. काही राउटर वायफाय आणि केबल यांच्यातलं मल्टिकास्ट अडवतात, आणि काही मोबाइल ब्राउझर असं नाव शोधतच नाहीत. तुम्ही पत्ता राखून ठेवलाय, तोच बुकमार्क करा. बुकमार्कमध्ये 'एचटीटीपी' पूर्ण लिहा, नाहीतर ब्राउझर आपणहून 'एचटीटीपीएस' लावतो आणि किवी बंद असल्याचा भास होतो. घरी आलेला कुणी पाहुण्यांच्या वायफायवरून पाहत असेल तर आकड्यांच्या पत्त्यानेही उघडणार नाही. तिथे उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात.

बाहेरच्या जोडणीची चाचणी घरातून घेऊ नका. स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर आतून गेलं की बरेच राउटर ते पॅकेट परत आत वळवत नाहीत. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पाहा. तरी उघडलं नाही तर मुख्य राउटरच्या स्थिती-पानावरचा वॅन पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, किंवा १० ने वा १९२.१६८ ने, तर सेवादाताच तुम्हाला त्याच्या नॅटमागे ठेवतोय आणि तुमच्या राउटरवरचा कोणताही नियम उपयोगी पडणार नाही. सेवादात्याकडे सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर किवीच्या ॲडमिन पानावर प्रॉक्सीची सोय आहे, ती वापरा. त्यात किवीच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी उघडतो, त्यामुळे पोर्ट वळवावा लागत नाही.

पाणीपट_निळा

किवी बाहेर उघडण्याआधी ॲडमिनला पासवर्ड द्या. आणि त्याच राउटरवर १२३४ वळवायचा विचार असेल तर कृपया करू नका. आरटीएल_टीसीपीला पासवर्डच नाही, जो पोहोचेल तो वारंवारता बदलू शकतो. तो बाहेरून हवा असेल तर वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा करा, आणि घरची अपलोड गती पाहून नमुना-दर ०.२५ वरच ठेवा.