७८७बी 'नशिबाने' जिंकली म्हणणाऱ्यांना

तेलकट हात
काल एकाने चार ओळींत निकाल लावून टाकला: 'माझदा ७८७बी ही काही थोर गाडी नव्हे. वजनात सवलत मिळाली, मर्सिडीज बंद पडली, म्हणून १९९१ चं ल माँ पदरात पडलं.' ल माँ म्हणजे फ्रान्समधली मोटारींची शर्यत आणि ७८७बी म्हणजे ती जिंकलेली, रोटरी इंजिनाची जपानी गाडी. वाचल्यापासून डोकं तापलंय, तेव्हा सविस्तरच लिहितो.

मर्सिडीज बंद पडली म्हणजे नेमकं काय झालं? आघाडीवर असलेल्या मर्सिडीज सी-११ चा अल्टरनेटरचा ब्रॅकेट तुटला, पाण्याच्या पंपाचा पट्टा गेला आणि इंजिन तापलं. तेव्हा साधारण तीन तास उरले होते. शर्यत चोवीस तासांची आहे राव! एकविसाव्या तासाला इंजिन तापलं तर गाडी कमी पडली म्हणायचं. माझ्याच गाडीचा पट्टा खंबाटकी चढताना तुटला होता. आधी बॅटरीचा लाल दिवा, मग तापमानाचा काटा वर, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. मागे आई-बाबा, तिकडे साताऱ्यात मुहूर्त टळत चाललेला. पट्टा बदलायला झालाय हे मला महिनाभर माहीत होतं. नशिबाला बोल लावायला तोंडच नव्हतं.

इकडे पंचावन्न नंबरच्या माझदाने ३६२ फेऱ्या मारल्या. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी फिरते त्रिकोणी रोटर असतात. इथे चार रोटर, प्रत्येक रोटरला तीन प्लग. नंतर इंजिन उघडलं तर आतली झीज नगण्य. आणि रोटरी पेट्रोल पिते म्हणून आपण सगळे हसतो ना? शर्यतीचा इंधनाचा कोटा २५५० लिटर, अंतर ४९२२ किमी. म्हणजे लिटरला १.९ किमी तरी दिलेच, तेही पायाखाली ७०० अश्वशक्ती घेऊन.

सह्याद्री४४
काल ते मीच लिहिलं होतं. तुम्ही वजनाला शिताफीने बगल दिलीत. माझदा ८३० किलो, जॅग्वार आणि मर्सिडीज १०००. माझदाच्या शर्यतींचा संघ माझदास्पीड, त्याच्या ओहाशींनी नियम ठरवणाऱ्या फिसा संस्थेकडे रदबदली करून ही सूट मिळवली, हे जगजाहीर आहे. माझे वडील गॅस सिलिंडरचा टेम्पो चालवायचे. सुट्टीत मी शेजारी बसायचो. भरलेला टेम्पो उताराला थांबवताना त्यांच्या पोटरीची शीर तट्ट फुगायची, रिकामा परत आणताना मात्र गाणं म्हणत यायचे. ब्रेक, टायर, इंधन, सगळं वजन खातं. जॅग्वारचा ७.४ लिटरचा व्ही-१२ त्याच कोट्यात भागवायला हात आखडून चालवावा लागला, तरी ३६० फेऱ्या! दोनच फेऱ्यांचा फरक. ते १७० किलो माझदावर लादा आणि मग मला थोरवी सांगा.

हिरोशिमाकर
वजनाचं काय घेऊन बसलात? जपानी कंपनी पहिल्यांदा जिंकली आणि पुढच्याच वर्षी रोटरीला दार बंद! यावर कुणीच का बोलत नाही?

रात्रपाळी
कारण ते खोटं आहे. प्रत्येक धाग्यावर ही बंदीची कथा येते आणि प्रत्येक वेळी मला ती खोडावी लागते. पुढे फक्त साडेतीन लिटरची पिस्टन इंजिनंच चालतील हा नियम १९९१ च्या आधीच जाहीर झाला होता. जुन्या गाड्यांना त्या वर्षी मुदत मिळाली, म्हणून तर माझदा धावू शकली. माझदाला काढायला नियम केला असता तर मर्सिडीजचा टर्बो आणि जॅग्वारचा व्ही-१२ कशाला बाद झाला असता?

हिरोशिमाकर
तारखा पाठ आहेत म्हणून दुसऱ्याला खोटं ठरवू नका. मी तीन वर्षं हिरोशिमाला नोकरी केली आहे. माझदाच्या संग्रहालयात ती नारिंगी-हिरवी गाडी बघताना माझा एक सहकारी गप्प उभा होता. त्याचे वडील कारखान्यात होते, ती शर्यत त्यांनी रात्रभर जागून पाहिलेली. 'नंतर पुन्हा धावूच दिली नाही,' एवढंच तो म्हणाला. त्याला तुम्ही कलमं वाचून दाखवणार?

रात्रपाळी
त्यांचं दुःख खरं आहे, कारण खोटं आहे. १९९२ ला माझदा 'जड' (Judd) कंपनीचं व्ही-१० इंजिन लावून परत आली आणि चौथी आली. दार बंद झालं ते रोटरी इंजिनाला, कंपनीला नाही.

आणि रोटरीच्या आवाजाला 'स्वर्गीय' म्हणणं आधी बंद करा. विजेत्या गाडीच्या तीन चालकांपैकी वायडलरची कारकीर्द १९९२ मध्ये कानातल्या गुणगुणीने संपली. मी अठरा वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, मला रात्री तीच शिट्टी ऐकू येते. आवाजाचं कौतुक करणारे घरी जाऊन शांत झोपतात.

हिरोशिमाकर
कानाचं वाईट वाटलं, मनापासून. पण रोटरीला जागा ठेवायचीच असती तर नियमात एक ओळ पुरली असती, यावरून मी हटणार नाही.

तेलकट हात
सह्याद्री४४, हलकेपणाच पुरेसा असेल तर पजो ९०५ का जिंकली नाही? साडेतीन लिटरच्या गाड्यांना किमान वजन ७५० किलो, माझदाहून ८० ने कमी. शिवाय सरावातली वेळ काहीही असो, सुरुवातीच्या रांगेतल्या पहिल्या दहा जागा त्यांच्याच गटाला राखीव. माझदा उभी होती एकोणिसावी! दोन्ही पजो रात्र व्हायच्या आत बाहेर.

आणि माझदाचा चालक हर्बर्ट? १९८८ च्या अपघातात पायांचा चुराडा झालेला माणूस. शेवटी उतरायला तयार होईना, लागोपाठ दोन पाळ्या चालवल्या आणि गाडीतून बाहेर येताच कोसळला. अंगातलं पाणी संपलेलं. व्यासपीठावर त्याचे जोडीदार गाशो आणि वायडलर दोघेच गेले. ही त्याला सवलतीत मिळालेली शर्यत म्हणायची का?

सह्याद्री४४
पजोचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, हे कबूल. हर्बर्टला तर काल मी एक शब्दही बोललो नव्हतो, त्याला मध्ये आणू नका. 'नशीब' हा शब्द मागे घेतो. सवलत हा शब्द घेणार नाही. ८३० हा आकडा त्यांनी मागून घेतला होता, आणि वडिलांची ती पोटरी मी पाहिली आहे.