कंपनीचा वार्षिक मेळावा: खर्च कशावर करावा, काय कापावं? सल्ला हवा आहे

धागाकर्ती
यंदा आमच्या वार्षिक मेळाव्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. सभागृहात दोनशेच्या आसपास माणसं, दीड दिवस, शिवाय काही जण ऑनलाइन. आजवरचा साचा ठरलेला: विभागप्रमुखांची एकामागून एक भाषणं, प्रत्येकाच्या चाळीस-पन्नास स्लाइड, मग बक्षिसं, मग आभार आणि निघायची घाई. पंधरा दिवसांनी विचारलं तर काय ठरलं हे कुणाला सांगता येत नाही. साहेबांचं म्हणणं, या वेळी नामवंत वक्ता बोलवा आणि मोठी एलईडी वॉल लावा. मला ते पटत नाही, पण त्यांच्यासमोर मांडायला काहीतरी ठोस हवं. असे कार्यक्रम उभे केलेल्यांनी कृपया सांगा.

मंचामागून
वक्ता आणि वॉल दोन्ही बाजूला ठेवा. आधी एक वाक्य कागदावर उतरवा: मेळाव्यानंतर पहिल्या दिवशी कामावर आल्यावर या माणसांनी काय वेगळं करायला हवं? त्यावर साहेबांची मोहोर घ्या आणि प्रत्येक सत्र त्या वाक्याशी ताडून बघा. नुसते आकडे सांगायचे असतील तर ते आठवडाभर आधी मेलने पाठवा. सगळ्यांना एका छताखाली आणून तेच वाचून दाखवणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं.

ठोस हवंय म्हणून सांगतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आठवणीत राहतो तो सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट; एकूण वेळेला फारशी किंमत नसते. तुमच्या मेळाव्याचा शेवट म्हणजे आभाराची यादी आणि बॅगा आवरणारी माणसं! आभार जेवणाआधी उरका. शेवटचा अर्धा तास तुमच्याकडच्या सगळ्यात भक्कम गोष्टीसाठी राखा आणि तो कुणालाही देऊ नका.

कन्सोलवाला
वरच्याला +१. वॉलवर खर्च करण्याआधी आवाजावर करा. चित्र थोडं फिकट असलं तर लोक चालवून घेतात. बोलणं नीट ऐकू आलं नाही तर पाच मिनिटांत मोबाइल बाहेर निघतात.

हमखास होणारा घोळ सांगतो. वक्त्याच्या गळ्यात ओळखपत्राची दोरी आणि शर्टाला कॉलर माइक. तो हलला की कार्ड माइकवर आपटतं आणि सभागृहभर खरखर. मंचावर चढण्याआधी कार्ड काढून घेणारा एक माणूस पायरीशी उभा करा. दुसरं, बोलता बोलता वक्ता स्पीकरच्या पुढे गेला की शिट्टी वाजते, म्हणून तालमीतच जमिनीवर टेप लावून हद्द आखा. सभागृह लांबट असेल तर मागच्या स्पीकरना डिले (आवाज किंचित उशिरा सोडायची सोय) लावला आहे का हे विचारा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवर बसलेल्याला मंचावरचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो, आणि जवळचा स्पीकर तोच शब्द आधी देतो. त्यातून शब्द घोळतात.

नेटवरून काही दाखवायचं असेल तर मंचासाठी वेगळी केबल ओढून घ्या. २०१० साली आयफोन ४ सादर करताना स्टीव्ह जॉब्झनाही सभागृहातल्या वायफायच्या गर्दीमुळे डेमो थांबवून लोकांना वायफाय बंद करायची विनंती करावी लागली होती.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काहनेमानचा प्रयोग उद्याच साहेबांसमोर ठेवते. आता खरी अडचण: विभागप्रमुख वेळ कमी करायला तयार होणार नाहीत. आणि लोकांना बोलतं कसं करायचं?

गोलटेबल
वेळेबाबत माणसामाणसाशी वाद घालू नका, सगळ्यांना एकच नियम लावा. पेचाकुचा हा सादरीकरणाचा प्रकार २००३ मध्ये टोकियोत सुरू झाला: २० स्लाइड, प्रत्येकीला २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकते. ६ मिनिटं ४० सेकंदांत विषय संपतो. धाकटा-थोरला भेद नसल्याने कुणाचा अपमानही होत नाही. मात्र तयारीला वेळ द्या, निदान तीन आठवडे आधी सांगा. थोडक्यात बोलणं जास्त अवघड असतं.

बोलतं करण्याचं काम निम्मं खुर्च्या करतात. रांगा लावल्या की शेजाऱ्याचा फक्त खांदा दिसतो. गोल टेबलं घ्या आणि मंचाकडे पाठ होणाऱ्या खुर्च्या काढून टाका, म्हणजे माना न वळवता मंचही दिसतो आणि समोरचाही. माणसं कमी बसतात, तरीही माझं मत ठामपणे हेच.

अर्धा दिवस मोकळा करता आला तर ओपन स्पेस करून बघा. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ पासून ही पद्धत रूढ केली. त्यांनी खपून आखलेल्या परिषदेत लोकांना सगळ्यात आवडली होती ती कॉफीची सुट्टी! म्हणून इथे विषयपत्रिका आधी नसते. ज्याला विषय मांडायचा तो भिंतीवर कागद लावतो, ज्याला रस तो तिथे जातो, आणि रेंगाळलेल्या चर्चेतून उठून जायची मुभा प्रत्येकाला असते. एक अट मात्र आहे. निर्णय वरच्यांनी आधीच घेतले असतील तर हा प्रकार करूच नका. विचारून न ऐकणं लोकांना न विचारण्यापेक्षा जास्त लागतं.

मंचामागून
रनशीटबद्दल, म्हणजे कार्यक्रमाच्या मिनिटागणिक तक्त्याबद्दल, राहिलं. वेळ मिनिटांत, कोण मंचावर, कोणता माइक, स्क्रीनवर काय, एवढे चारच रकाने पुरतात. कार्यक्रम सुरू झाल्यावर त्यात बदल करायचा अधिकार एकाच माणसाला, साहेबांनाही नाही. आदल्या दिवशी तालीम करताना पूर्ण भाषणं नकोत, फक्त सांधे घ्या: एक उतरतो, दुसरा चढतो, स्लाइड बदलते. गडबड होते ती तिथेच.

धागाकर्ती
आणि ऑनलाइनवाले?

कन्सोलवाला
त्यांना कन्सोलवरून (सगळे माइक जिथे जोडलेले असतात त्या ध्वनियंत्रावरून) थेट आवाज द्या, लॅपटॉपच्या माइकवर सोडू नका. प्रेक्षकांतला प्रश्न माइकवर आला नाही तर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला हातातला माइक फिरवायचा. शिवाय सभागृहात एक माणूस फक्त त्यांच्या वतीने बसवा. चॅटमध्ये प्रश्न आला की त्याने हात वर करायचा, आणि पहिला प्रश्न त्यांचा घ्यायचा हे निवेदकाला आधीच सांगून ठेवा.