मदत हवी आहे: बघणारी गर्दी पुढे कशी येईल?
रस्त्यात कोणी पडलं की गर्दी जमते, मोबाईल निघतात, पण त्याच्याजवळ खाली बसणारं कोणी नसतं. लोक वाईट नसतात हो, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी करेल, डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगातही हेच दिसलं होतं. आम्ही काही जणांनी पोस्टर लावले, मेसेज फिरवले, व्याख्यान ठेवलं, टाळ्या पडल्या आणि पुढे काहीच नाही. आता सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब) प्रत्यक्ष करून घ्यायचा विचार आहे, शिकवायला डॉक्टर तयार आहेत पण पैसे नाहीत आणि लोक तासाच्या वर थांबत नाहीत. कृपया भाषणं सुचवू नका. कोणी असं काम केलंय का, शिकलेला माणूस ऐन वेळी खरंच पुढे यावा म्हणून त्या तासाभरात नेमकं काय करून घेता?