आरसा दिसतो, नक्कल दिसत नाही
'ज्या आकृतीचा नियम थोडक्यात सांगता येतो ती डोळ्याला सोपी वाटते' असं एक म्हणणं आहे, ते मला अर्धंच पटलं.

कागदावर शंभरेक ठिपके वेडेवाकडे काढा आणि उभ्या रेषेपलीकडे त्यांचं आरशातलं प्रतिबिंब काढा. रचना क्षणात दिसते (मला तर दरवेळी त्यात किडाच दिसतो). आता प्रतिबिंबाऐवजी तेच ठिपके जसेच्या तसे शेजारी उतरवा. नियम तेवढाच छोटा, पण डोळ्याला पत्ताच लागत नाही. एकेक ठिपका जुळवत बसावं लागतं. म्हणजे मेंदू नियमाची लांबी मोजत नसावा, त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडी आहेत.

याहून गमतीचं म्हणजे तेच ठिपके पारदर्शक कागदावर घेऊन मूळ कागदावर ठेवा आणि वरचा कागद किंचित फिरवा. एकदम वर्तुळं उमटतात! लिऑन ग्लास या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये हे दाखवलं. जरा जास्त फिरवलं की सगळं विस्कटतं, कारण जोडीतले ठिपके लांब गेले की डोळा त्यांची गाठ बांधत नाही. जवळिकीचा हा मुद्दा मॅक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञांनी १९२३ मध्येच ठिपक्यांच्या ओळी काढून मांडला होता. कमी फिरवा की जास्त, नियम मात्र दोन्ही वेळी एकच, 'कागद फिरवा'.