मदत हवी आहे : चेसापीक बेसाठी १९८५ ची कॅटालिना ३० ही शिडाची होडी घ्यावी का?

सुरवंट_शीड :

नमस्कार मंडळी. अ‍ॅनापोलिसजवळ १९८५ ची कॅटालिना ३० विकायला आहे. साधी डोलकाठी, फिन कील (होडीखालचा जड उभा पंख), पाण्याखालची खोली ५ फूट ३ इंच, युनिव्हर्सल एम-२५ डिझेल इंजिन. वापर एवढाच : एप्रिल ते ऑक्टोबर चेसापीकमध्ये (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा उपसागर) दोन-तीन रात्रींच्या सहली, सोबत सत्तरीतले आईबाबा. गाद्या नव्या आहेत, शिडं पाच वर्षांची. सर्व्हेयर (होडी तपासणारा तज्ज्ञ) आणि होडी पाण्याबाहेर काढणाऱ्या क्रेनवर पैसे घालण्याआधी एका दुपारी स्वतः काय तपासता येईल? काय दिसलं की सरळ माघारी फिरायचं?

डोलकाठी :

गाद्या आणि शिडं बाजूला ठेवा, ती पैसे टाकून बदलता येतात. आधी तळातली फळी उचला. या होडीची डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा सगळा भार आतल्या खांबातून खाली बिल्जमधल्या (होडीच्या तळातल्या खोलगट जागेतल्या) लाकडी ठोकळ्यावर येतो. बिल्जमध्ये वर्षानुवर्षं पाणी साचलं की तो ठोकळा कुजतो. मग खांब खचतो, डेक खाली बसतं आणि डोलकाठीच्या तारा सैल पडतात.

हे बाहेरून ओळखता येतं. संडासाचं दार वरच्या कडेला घासतं का पाहा. डोलकाठीच्या पायापाशी डेकवर लांब पोलादी पट्टी आडवी ठेवा, तिच्याखाली फट दिसली तर डेक बसलेलं आहे. मग मालकाला विचारून ठोकळ्याला स्क्रूड्रायव्हर टोचा. टोक ओल्या बिस्किटात शिरावं तसं शिरलं तर ठोकळा गेला. दुरुस्ती होते, पण डोलकाठी उतरवावी लागते किंवा डेकला जॅकचा टेकू द्यावा लागतो. तो खर्च किमतीतून वजा करा.

कीलचं प्रकरण याहून गंभीर. सुमारे ४,२०० पौंडांचं शिसं बोल्टांनी हलच्या (होडीच्या बाहेरच्या कवचाच्या) खालच्या फुगवट्याला टांगलेलं असतं. जुन्या बऱ्याच कॅटालिना ३० मध्ये त्या फुगवट्यात प्लायवुड भरलेलं आहे. कील आणि हलच्या सांध्याच्या पुढच्या टोकाला पडणाऱ्या भेगेला या होड्यांचे मालक ‘कॅटालिना स्माइल’ म्हणतात. नुसती रंगातली केसाएवढी भेग नेहमीची, तिला घाबरू नका. होडी पाण्याबाहेर काढून दोन दिवस झाले तरी सांध्यातून गंजकट पाणी झिरपत असेल, तर मात्र पाणी आत मुरलेलं आहे.

सुरवंट_शीड :

आभारी आहे. फळी उचलल्यावर कीलच्या नटांवर गंज दिसला तर?

डोलकाठी :

वरवरचा तांबूस थर तारेच्या ब्रशने घासून पाहा. खाली धड धातू असेल तर ठीक. नटाखालचे वॉशर तळात रुतलेले दिसले तर समजा की खालचं लाकूड मऊ झालंय. असा नट पान्याने कितीही आवळला तरी आणखी रुतत जातो. तुम्ही विचारलेली माघारी फिरायची खूण हीच. आणि क्रेनवाल्याला सांगा, होडी पट्ट्यांत लटकत असताना पाच मिनिटं थांब. लटकताना सांधा उघडतो, कीलवर टेकवली की मिटतो. टेकवल्यावर पाहून उपयोग नाही.

थंड_इंजिन :

एम-२५ दणकट आहे, पण मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर काहीतरी झाकलं जातंय. थंड इंजिन सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर चालतो. मग गिअरमध्ये मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास २० मिनिटं चालवा. काळा धूर म्हणजे बहुधा पाण्यातल्या पंख्यावर (प्रॉपेलरवर) किंवा होडीच्या तळाला शेवाळ-शिंपले, निळा म्हणजे तेल जळतंय. तापमान १६० ते १८० फॅरनहाइटमध्ये स्थिर राहायला हवं. चढत राहिलं तर इम्पेलर (थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक) आणि हीट एक्स्चेंजर (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारी नळी) पाहा. सुरुवातीच्या एम-२५ वर दोन इंची एक्स्चेंजर असे, तो अपुरा पडतो. तीन इंची बसवलेला असेल तर उत्तम.

दोन गोष्टी हमखास विचारा : अल्टरनेटरचा ब्रॅकेट बदललाय का, आणि वायरिंगमधले ट्रेलरसारखे प्लग काढलेत का? मूळ ब्रॅकेट तडकतो. मूळ रचनेत चार्जिंगचा सगळा प्रवाह त्या प्लगांतून कॉकपिटमधल्या अ‍ॅमीटरपर्यंत जाऊन परत येतो. प्लग गंजले की तापतात, वितळतात, आग लागू शकते. सरळ तार जोडून अ‍ॅमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवणं हे एका दिवसाचं काम.

पाणी आत येणाऱ्या प्रत्येक नळाचा दांडा फिरवून पाहा. बागेतल्यासारखा चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर चाकूने जरा खरवडा. पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते हातात तुटेल.

खाडीकाठ :

आरामाचं सांगतो. जवळपास ११ फूट रुंदी आणि सहा फुटांवर उंची, त्यामुळे आत आईबाबांना वाकावं लागत नाही. जिने आणि पोहायची शिडी मात्र त्यांनाच चढून पाहू द्या. चेसापीक उथळ, सरासरी खोली २१ फुटांच्या आसपास. छान शांत खाड्यांच्या तोंडाशी ५ फूट ३ इंच अडचणीचे ठरतात. याच होडीची ४ फूट ४ इंचांची आवृत्ती मिळाली तर तुमच्या वापराला ती बरी. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडलेला असतो, बरेचदा इंजिनावरच जावं लागेल. आणि दुपारी वादळं येतात, म्हणून नांगराची साखळी-दोरी बाहेर काढून पूर्ण मोजा.

स्वयंपाकाचं : शेगडी सीएनजीची असेल तर सिलिंडर भरून मिळणं कठीण. प्रोपेन करायचं असेल तर सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद हवा आणि त्याचा निचरा थेट बाहेर. हा वायू जड असतो, गळला की बिल्जमध्ये साचतो. कुकर मावेल का, तेही मोजून घ्या.

वासाची चाचणी सोपी आहे. फडकं गरम पाण्यात पिळून संडासाच्या पाइपवर मिनिटभर गुंडाळा आणि गार झालं की हुंगा. फडक्याला घाण येत असेल तर पाइप आरपार मुरलाय, सगळे बदला. कितीही फिनेल ओतलं तरी तो वास जात नाही, आणि लाटांत आधीच मळमळणाऱ्या माणसाला तो सगळ्यात आधी लागतो.