निवडणूक रोखे गेले, पण राज्य मूठभरांचंच राहिलं का?

नीराकाठ:
१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे (सरकारी बँकेकडून विकत घेऊन नाव न सांगता पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद) घटनाबाह्य ठरवले आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरून चाललं. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे मतदान शाबूत आहे, पण राज्य पैसेवाल्यांच्या हातात गेलंय, आणि तेही रीतसर कायदा करून.

२०१७ पर्यंत कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता यायची. ती मर्यादा वित्त विधेयकातून काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीही रोखे घ्यायला मोकळी. कोणत्या पक्षाला दिले ते हिशेबात दाखवायचं बंधनही गेलं. रोख्यावर नाव नव्हतं, पण अतिनील प्रकाशात दिसणारा छुपा क्रमांक होता. मतदाराला कोरा कागद, आणि नोंद सरकारी बँकेकडे! न्यायालयाने दटावल्यावर मार्च २०२४ मध्ये ते क्रमांक बाहेर आले, तेव्हा कुठे कोणाचा रोखा कोणी वटवला हे जुळवता आलं.

एकूण १६,००० कोटींहून जास्त रुपये. त्यातले जवळपास निम्मे एकट्या भाजपकडे. पण सर्वांत मोठी खरेदीदार, ईडीच्या चौकशीतली लॉटरी कंपनी फ्यूचर गेमिंग, तिचा बराच पैसा तेव्हा बंगाल आणि तमिळनाडूत सत्तेत असलेल्या तृणमूल आणि द्रमुककडे गेला. म्हणजे पैसा पक्ष बघत नाही, खुर्ची बघतो. याला भ्रष्टाचार म्हणणं कमी पडतं. ही सत्तेतली भागीदारी आहे.

गोदावरीतीर:
माहितीबद्दल वाद नाही, निष्कर्ष साफ अमान्य. मूठभरांचं राज्य असतं तर नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात २०२४ ला जे झालं ते झालंच नसतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, भाव कोसळले. शेतकऱ्याने मनात ठेवलं आणि केंद्रात मंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवारांना भास्कर भगरे या शिक्षकाने लाखाहून जास्त मतांनी पाडलं. त्याच मतदारसंघात भगरे आडनावाचाच एक अपक्ष उभा होता, चिन्ह तुतारी. खऱ्या भगरे सरांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखाहून जास्त मतं गेली, तरी सर निवडून आले! आमच्या भागात लोकांनी हे घडवलं. त्यांना 'तुमच्या मताला किंमत नाही' असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय रोखे रद्द कोणी केले? याच व्यवस्थेतल्या न्यायालयाने.

नीराकाठ:
रद्द केले, पण योजना आल्यापासून सहा वर्षांनी. तोवर त्या पैशावर एक अख्खी लोकसभा लढवून झाली होती. आणि मंत्री पडला म्हणून धोरण ठरवणारे बदलतात असं नाही.

ऊसवाला:
दिल्लीपर्यंत कशाला जाता? आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला या. मी सभासद आहे, वडीलही होते. अहवाल आदल्या आठवड्यात हातात पडतो, बारीक टाइपातला. सभेत विषय क्रमांक एक वाचला की पुढच्या दोन रांगांतून 'मंजूर, मंजूर' सुरू. तोट्याबद्दल विचारायला माझ्या शेजारचा उभा राहिला तर माइक बंद. पुढच्या हंगामात त्याच्या उसाला कारखान्याची तोड (ऊस कापणारी टोळी) वेळेवर आली नाही. उभा ऊस वाळला, वजन घटलं. पुढल्या सभेला तो गप्प बसला.

एक सभासद एक मत हा नियम आजही आहे, हात वर करून मतदानही होतं. पण ज्याच्या हातात तोड, कर्ज आणि पोराची नोकरी आहे त्याच्याविरुद्ध हात वर होत नाही. चेअरमन, आमदार, जिल्हा बँकेचा संचालक, सगळे एकाच घरातले. धागाकर्त्याशी सहमत.

मेघना, ठाणे:
ऊसवाला दादा, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तरीही मी गोदावरीतीर यांच्या बाजूने. याच महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो दुष्काळात रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे. माहिती अधिकारही आपल्याकडे केंद्राच्या आधी, २००२ ला आला. श्रीमंतांनी आपणहून हे दिलेलं नाही, लोकांनी मिळवलंय. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. माझी मावशी सरपंच होती. पहिलं वर्ष काका बोलायचे, नंतर ग्रामसेवकाला तीच प्रश्न विचारायला लागली.

नीराकाठ:
मेघनाताई, त्याच स्थानिक संस्थांचं काय झालं बघा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सरकारने नेमलेला प्रशासक होता. देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेचं बजेट नगरसेवकांविना मंजूर होत राहिलं. कंत्राटं थांबली का? नाही. थांबली ती फक्त निवडणूक.

गोदावरीतीर:
हे मात्र मान्य, त्याला उत्तर नाही. पण मग उपाय बोला. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाखांची मर्यादा आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, ही खरी पळवाट आहे. ती बुजवा.

नीराकाठ:
बुजवणार कोण? २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात असा आदेश दिला. एकानेही पाळला नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे यात एक झाले.

मेघना, ठाणे:
म्हणून दबाव आपणच आणायचा ना! उमेदवार दारात आला की मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे: तुमचा पक्ष माहिती अधिकाराखाली यायला तयार आहे का? तुम्हीही विचारा आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा.