'मिस्ड केअर': चुकलेली की राहून गेलेली?

कऱ्हाडकर: भाचीच्या एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी प्रश्नावली मराठीत करून देतोय. विषय 'मिस्ड नर्सिंग केअर', म्हणजे रुग्णाची करायला हवी होती पण झाली नाही ती शुश्रूषा. गाडी चुकते, पाळी चुकते, म्हणून मी 'चुकलेली शुश्रूषा' लिहिलं. एका सिस्टरला वाचायला दिलं, तर "मी काही चुकीचं केलेलं नाही," म्हणत तिने कागद परत दिला. दुसरा शब्द सुचवा.

रात्रपाळी: सिस्टरचं बरोबर आहे. गाडी चुकली आणि माझं चुकलं, दोन्हीकडे क्रियापद एकच. वर 'कामचुकार' आहेच! रुग्णसुरक्षेच्या अभ्यासात नेमका हाच भेद जपतात. चुकीचं इंजेक्शन देणं वेगळं, कूस बदलायची राहणं वेगळं. नर्सिंगच्या संशोधक बियाट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसशी बोलून अशा राहणाऱ्या नऊ गोष्टी मांडल्या. रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, धीर देणं, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं) लिहिणं वगैरे. कारणांत अपुरं मनुष्यबळ आलंच. आम्ही हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, म्हणतो, "सात नंबरची बॅक केअर (पाठीची निगा) राहिलीय, बघ." म्हणून 'राहून गेलेली'.

प्रूफवाचक: ही संज्ञा नव्हे, बोलणं झालं. 'अकृत (न केलेली) परिचर्या' करा. 'शुश्रूषा'चा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, धातू 'श्रु'. सेवा हा अर्थ मागाहून आला.

रात्रपाळी: 'अकृत' वाचून कोणती सिस्टर खूण करेल? प्रश्न कळला नाही तर उत्तर काय कामाचं?

मिरजेची: मला मात्र तो मूळ अर्थ फार पटला. वडील पक्षाघाताने पडून होते, वाचा गेलेली. रात्रीच्या सिस्टरने चादर सारून टाच पाहिली. लाल होती. बोटाने दाबून सोडलं, तरी लाली हटेना, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. तिने लगेच पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली. न बोलणाऱ्याचं ऐकणं ते हेच. 'शुश्रूषा' सोडू नका.

वाईकर: माझ्या आईला पडून राहून पाठीला जखम झाली, हाड दिसेपर्यंत. त्याला राहून गेलं म्हणायचं? निष्काळजीपणा म्हणा.

रात्रपाळी: आईंचं वाचून वाईट वाटलं. पण त्या पाळीला किती सिस्टर होत्या, हेही विचारायला हवं. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या अभ्यासात दिसलं की, नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. 'निष्काळजीपणा' लिहिलंत की दोष एकटीच्या माथी जातो आणि पुढच्या वेळी कुणी खरं लिहीत नाही.

वाईकर: आणि मऊ शब्द वापरला की दोष कुणाचाच राहत नाही. जखम तर खरी होती.

प्रूफवाचक: वर कुणी काही लिहो, 'शुश्रूषा'तला 'रू' दीर्घच ठेवा. 'सुश्रुषा' सर्रास छापतात.

कऱ्हाडकर: प्रश्नावली शुक्रवारी द्यायची आहे. तूर्त 'वेळेअभावी राहून गेलेली' लिहिलं होतं, पण त्यात कारण मीच सांगून टाकतोय. 'वेळेअभावी' खोडलं. पुढे?

मिरजेची: 'परिचर्या' नको, एवढंच सांगते.